दुखतो गुडघा, दोष खुब्याचा

या सदरात गुडघेदुखीवर लिहिले होते. त्यानंतर काही वाचकांनी एकच प्रश्न विचारला: तेल झाले, शेक झाला, पट्टा झाला, गोळ्या झाल्या, तरी गुडघा ऐकत का नाही? या प्रश्नाचे एक उत्तर माझ्या स्वतःच्या घरात घडले आहे. मी फिजिओथेरपिस्ट असूनही ते मला वेळेवर दिसले नाही, म्हणून सांगायला संकोच वाटतो. पण माझ्या चुकीमुळे तुमच्यापैकी एखाद्याचे वर्ष वाया जायचे वाचत असेल, तर सांगितलेले बरे.

२०१६ च्या जानेवारीत आई ठाण्याहून माझ्याकडे दोह्याला राहायला आली. तेव्हा ती ७१ वर्षांची होती. आई म्हणजे एका जागी न बसणारी बाई. सकाळी तलावपाळीला फेऱ्या, मग बाजार, मग घरातले सगळे. शनिवारी सिनेगॉगला चालत जायचे आणि वरच्या सज्ज्यात, बायकांमध्ये, आपल्या ठरलेल्या जागेवर बसायचे, हा तिचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. वर्षभरापासून तिचा उजवा गुडघा दुखत होता. एक्स-रे काढला, त्यात वयाप्रमाणे थोडी झीज दिसली. झाले! सगळ्यांनी गुडघा धरला. मीही फोनवरून तिला गुडघ्याचेच व्यायाम सांगत होते. "करतेस ना?" "करते." "बरं वाटतं?" "थोडं." आई "थोडं" म्हणते तेव्हा त्याचा अर्थ "नाही" असतो, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवे होते.

ती गाडीत बसली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आधी सीटवर टेकली, मग दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून पाय आत घेतला. मी म्हटले, प्रवासाने दमली असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही कॉर्निशवर फिरायला गेलो. कॉर्निश म्हणजे दोह्याचा समुद्रकिनाऱ्याचा रस्ता, आपल्या मरीन ड्राइव्हसारखा अर्धवर्तुळाकार, पण साधारण ७ किलोमीटर लांब. एका टोकाला इस्लामी कलेचे संग्रहालय, दुसऱ्या टोकाला पिरॅमिडसारखे दिसणारे शेरटन हॉटेल, मधे लाकडी होड्या नांगरलेल्या. जानेवारीत तिथली हवा इतकी सुंदर असते की घरी बसवत नाही. आई पंधरा मिनिटे चालली आणि बाकावर बसली. "गुडघा गं," म्हणाली. पण हात गुडघ्यावर नव्हता. अंगठा मागे कुल्ल्यावर, बोटे पुढे जांघेवर, असा कमरेखाली पंजा धरून ती बसली होती. खुब्याचा सांधा बिघडलेला माणूस हात असाच धरतो, हे आम्हाला शिकत असतानाच सांगतात. तेही माझ्या डोळ्यांवरून गेले.

शेवटी उलगडा झाला तो नखांमुळे. शुक्रवारी दुपारी, शाब्बाथच्या तयारीत, ती म्हणाली, "माझ्या पायाची नखं काप गं. डाव्या पायाची मी कापली, उजव्यापर्यंत हात पोचत नाही." "कधीपासून?" "झालं की वर्ष. तुझी वहिनी कापून देते." आता गुडघा दुखत असला तरी पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन नखे कापता येतात. पाय मांडीवर येतच नसेल, तर अडलेले आहे ते वर, खुब्यात.

मी जिथे काम करते त्या छोट्या क्लिनिकात माझा एक ट्युनिशियन सहकारी आहे. घरच्या माणसाला आपण तपासू नये म्हणून आईला त्याच्याकडे नेले. त्याने तिला टेबलावर उताणे निजवले. आधी गुडघा दाबून पाहिला, वाकवला, सरळ केला, वळवला. आईला काही नाही. मग गुडघा आणि खुबा दोन्ही काटकोनात धरून त्याने पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला नेले. असे केले की मांडीचे हाड खुब्याच्या वाटीत आतल्या अंगाला फिरते. डाव्या बाजूला ते सहज फिरले. उजव्या बाजूला जेमतेम बोटभर सरकले आणि आई ओरडली. तिने हात ठेवला तो जांघेत. "आणि गुडघ्यात पण," ती म्हणाली, "हेच ते दुखणं!" खुब्याचा एक्स-रे काढल्यावर सांध्यातली मोकळी जागा कमी झालेली स्पष्ट दिसली.

असे का होते? खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याला संवेदना पोचवणाऱ्या काही नसा एकाच मुळातून निघतात. ओरड वरच्या मजल्यावर होते आणि मेंदूला वाटते खालच्या मजल्यावरून आवाज आला. काही माणसांना खुबा बिघडल्यावर जांघेत काहीच दुखत नाही, फक्त मांडीच्या पुढच्या भागात आणि गुडघ्यात दुखते. म्हणून गुडघा दुखत असेल तर खुबाही तपासलाच पाहिजे. हा धडा आमच्या विद्येत अगदी जुना आहे. मी तो विसरले, कारण रुग्ण माझी आई होती आणि तपासणी फोनवर चालली होती.

यातली गंमत म्हणा की दैवाची थट्टा, याच दोह्यात १४ महिन्यांपूर्वी जगभरचे तज्ज्ञ नेमक्या याच भागाच्या दुखण्यावर वाद मिटवायला जमले होते. शहरात अस्पायर झोन नावाचा मोठा क्रीडा-परिसर आहे. तिथे खलिफा स्टेडियम आहे, आणि त्याच परिसरात २००७ मध्ये सुरू झालेले अस्पेतार हे हाडांचे आणि खेळाडूंच्या दुखापतींचे रुग्णालय आहे. फुटबॉल खेळणाऱ्यांना जांघेच्या दुखण्याचा फार त्रास. पण त्या दुखण्याला कोण काय म्हणेल याचा नेम नव्हता. बैठकीच्या आधी तज्ज्ञांना दोन साध्या रुग्णांची माहिती कागदावर पाठवून निदान विचारले गेले. पहिल्या रुग्णाच्या दुखण्याला ९ वेगवेगळी नावे आली, दुसऱ्याच्या दुखण्याला ११. नाव वेगळे म्हणजे उपचार वेगळा, आणि एकाच्या अभ्यासाचा दुसऱ्याला उपयोग नाही!

नोव्हेंबर २०१४ मध्ये १४ देशांतले २४ तज्ज्ञ दोह्याला बसले आणि एका वर्गवारीवर त्यांचे एकमत झाले. पुढच्या वर्षी ती ब्रिटिश क्रीडावैद्यक मासिकात छापून आली. तिला 'दोहा करार' म्हणतात. त्यात भारी यंत्रांवर भर नाही. रुग्णाला विचारा, बोटाने दाबून नेमकी जागा शोधा, स्नायूला जोर लावायला सांगून तेच दुखणे उमटते का ते पाहा. मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूचे दुखणे वेगळे, मांडी वर उचलणाऱ्या स्नायूचे वेगळे, जांघेच्या नळीचे वेगळे, पुढच्या जघनास्थीचे वेगळे. शिवाय प्रत्येक वेळी आठवणीने पाहायचे की हे सगळे खुब्याच्या सांध्यातून तर येत नाही ना. त्या तज्ज्ञांपुढे विशीतले खेळाडू होते. पण हाताने आणि बोटाने जागा शोधायची ही रीत सत्तरीतल्या माणसालाही तितकीच लागू आहे.

आपल्याला तर खुब्याचे दुखणे तोऱ्यातूनच माहीत आहे. याब्बोकच्या उतारावर याकोब रात्रभर झुंजला, त्याच्या मांडीच्या सांध्याला स्पर्श झाला, आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. त्याची आठवण म्हणून मांडीतली ती शीर, गीद हन्नाशे, आजही कोशर मटण करणारे काढून टाकतात. परंपरेने ती शीर म्हणजे कमरेतून मांडीच्या मागून खाली उतरणारी जाड नस मानली जाते. वेदनेचा सांधा आणि वेदनेची नस, दोन्हींचा उल्लेख एकाच ठिकाणी! आमच्याकडे येणारे निम्मे लोक याच दोहोंची गल्लत करून आलेले असतात.

तेव्हा वाचकहो, आधी आपले दुखणे कुठे आहे ते पाहा. डॉक्टरांकडे जाताना "कंबर दुखते" एवढेच सांगू नका. मराठीत आपण बरगड्यांच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत सगळ्याला कंबरच म्हणतो, आणि डॉक्टर बिचारे मणक्याचा फोटो काढतात. दुखणे जांघेत असेल, मांडीच्या पुढून गुडघ्याकडे जात असेल, सकाळी उठल्यावर पहिली काही पावले आखडलेली असतील, गाडीत किंवा रिक्षात पाय आत घेताना, चप्पल घालताना, नखे कापताना अडत असेल, तर संशय सांध्यावर. दुखणे बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथे असेल, त्या कुशीवर झोपता येत नसेल आणि जिना चढताना तिथेच चमक मारत असेल, पण नखे मात्र कापता येत असतील, तर बहुधा त्या उंचवट्याला चिकटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या दुखावल्या आहेत. आणि दुखणे कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरीत किंवा पावलात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर ती याकोबाची नस. तिचे मूळ बहुतेक वेळा मणक्यात असते. हे तिन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. पण अर्धे काम तुमच्या बोटाने होते. ज्यांचा खुबा आधीच बदललेला आहे त्यांनी मात्र पाय मांडीवर घेण्याचे प्रयोग घरी करू नयेत.

आता उपचार. इथे आपल्या समाजाचा एक आवडता उपाय आडवा येतो, तो म्हणजे तेल. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणायचे, तेव्हा तेलावर आपला विश्वास असणे साहजिकच आहे! चोळून घ्यायला माझा विरोध नाही. बरे वाटते, झोप लागते, सून किंवा नातू दहा मिनिटे जवळ बसतो, हेही थोडे नाही. पण चोळून सांध्याभोवतीचे स्नायू बळकट होत नाहीत.

याचा चांगला पुरावा डेन्मार्कमधून आला. पेर होल्मिक नावाच्या शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट' मासिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांडीच्या आतल्या बाजूचे दुखणे बरेच महिने न गेलेले ६८ खेळाडू घेतले. निम्म्यांना मालिश, लेझर, विजेचा शेक आणि ताण देण्याचे व्यायाम. उरलेल्यांना ८ ते १२ आठवडे फक्त ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, तेही स्वतः करायचे. दुखणे पूर्ण जाऊन पूर्वीसारखे खेळायला लागलेले व्यायामाच्या गटात २३ निघाले, मालिश-शेकाच्या गटात फक्त ४. हाच होल्मिक पुढे दोह्याच्या करारातही होता. हे तरुणांचे झाले असे कोणी म्हणेल. पण त्याच डेन्मार्कमध्ये २०१३ पासून खुब्याच्या आणि गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांसाठी वर्ग चालतात. त्यात आधी दुखणे समजावून सांगतात आणि मग आठवड्यातून दोनदा, असे १२ वेळा देखरेखीखाली व्यायाम करून घेतात. पुढे ही पद्धत बाहेरच्या देशांतही गेली. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हे खरे. पण एका पायावर उभे राहिले की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार पडतो, आणि चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. तो भार तोलायचे काम कुल्ल्याच्या स्नायूंचे. ते ढिले पडले की माणूस हेलकावे खात चालतो आणि सगळा मार सांध्याला बसतो.

आईचा व्यायाम माझ्या सहकाऱ्याने ठरवला, मी नाही. मी फक्त तिला तो आपल्या भाषेत सांगितला. पहिला, खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे. खुर्ची नेहमीची घेतली तर जांघेत दुखे, म्हणून सुरुवातीला सीटवर दोन घट्ट उशा ठेवल्या. तीन आठवड्यांनी एक उशी काढली. दुसरा, पलंगावर उताणे पडून गुडघे वाकवायचे आणि कुल्ले वर उचलून पाच आकडे थांबायचे. तिसरा, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभे राहायचे आणि एक पाय बाजूला न्यायचा, पण अंग वाकडे करायचे नाही. हा दोन्ही पायांनी करायचा. दुखऱ्या पायावर उभे राहून बरा पाय हलवणे हाच खरा व्यायाम, आणि आई नेमका तोच चुकवायची. चौथा, जिन्याच्या एका पायरीवर चढायचे आणि त्याच पायरीवरून उतरायचे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, थोडे थांबून पुन्हा एकदा, आणि एक दिवसाआड. रोज नाही. स्नायूला भरून यायला मधला दिवस लागतो.

टाचा वर करणे आणि मागे पाऊल टाकणे हे तिला शिकवावेच लागले नाही. उभ्याने करायच्या तेफिल्लात तीन पावले मागे, तीन पुढे, आणि कादोश म्हणताना तीनदा टाचा उचलायच्या, हे ती लहानपणापासून करत आली आहे. "म्हणजे आपल्या बापदादांना फिजिओथेरपी येत होती," असे तिचे म्हणणे. मी वाद घातला नाही. ज्यांचा तोल जातो त्यांनी मात्र त्या वेळी पुढच्या बाकाची पाठ धरावी. त्याने प्रार्थना कमी होत नाही.

किती दुखले तर चालेल, हा प्रश्न सगळेच विचारतात. आम्ही रुग्णाला दहापैकी गुण द्यायला सांगतो. आईला ते जमेना. "आण्यात सांगू का?" म्हणाली. मग आमचा हिशोब सोळा आण्यांवर आला. व्यायाम करताना चार आणे दुखणे वाढले तर चालेल. सहा आण्यांपर्यंत गेले तर उशी परत ठेवायची, वेळा कमी करायच्या. आठ आणे झाले तर तो प्रकार त्या दिवशी बंद. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे पूर्वीच्या जागी आले पाहिजे. नसेल आले तर आदल्या दिवशी जास्त झाले. या हिशोबाने ती भीतीतून सुटली. तोवर तिला वाटत होते की दुखते म्हणजे आत काहीतरी तुटते आहे.

बाहेरच्या उंचवट्याचे दुखणे असणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण ते चाळिशीनंतरच्या बायकांत फार आढळते आणि त्यावर इंजेक्शन पटकन दिले जाते. ऑस्ट्रेलियात अशा २०४ रुग्णांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी, समजावून सांगणे आणि व्यायाम या गटातल्या ७७ टक्क्यांना चांगला फरक होता, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्क्यांना, आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९ टक्क्यांना. समजावून सांगायचे काय, तर सवयी. एका पायावर भार टाकून कंबर बाहेर काढून उभे राहायचे नाही. नातवंड कडेवर घ्यायचे नाही (हे सांगितल्यावर आज्या माझ्याकडे रागाने बघतात). पायावर पाय टाकून बसायचे नाही. झोपताना बऱ्या कुशीवर आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी. आणि त्या बाजूला ताण देणारे व्यायाम करायचे नाहीत. ओढल्याने त्या दोऱ्या हाडावर अधिकच दाबल्या जातात.

आता काठी. काठीला आपल्याकडे फार कमीपणा मानतात. आई म्हणाली, "काठी घेऊन सज्ज्यात गेले तर बायका काय म्हणतील?" मी विचारले, "आता जातेस का सज्ज्यात?" ती गप्प झाली. तेव्हा मला कळले की सात-आठ महिन्यांपासून ती वर चढतच नव्हती. खाली मागच्या बाकावर बसायची, आणि दोन-तीन शाब्बाथ तर घरीच राहिली होती. मला फोनवर हे कधी बोलली नाही. विचारले असते तर "थोडं" म्हणाली असती.

काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबरच पुढे पडली पाहिजे. दहातले आठ जण उलटी धरतात, सिनेमातल्या म्हाताऱ्यांसकट. विरुद्ध हातातली काठी कुल्ल्याच्या स्नायूंचे ओझे वाटून घेते, म्हणून सांध्यावरचा दाब खरोखर कमी होतो. उंची अशी की हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. बिरड्याच्या सणाला किंवा सुतकात जमिनीवर बसायची वेळ आली तर पाट नको, चांगला उंच स्टूल घ्यावा, आणि कोणी विचारले तर सरळ सांगावे.

चालण्याबद्दल एक. कतारमध्ये उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बाहेर चालणे अशक्य होते, म्हणून लोक मॉलमध्ये फेऱ्या मारतात, आणि काही उद्यानांत तर थंड हवा सोडलेल्या वाटा केल्या आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात हाच प्रश्न येतो आणि चार महिने चालणे बंद पडते. ओल्या शेवाळलेल्या रस्त्यावर घसरण्यापेक्षा इमारतीच्या सपाट व्हरांड्यात किंवा घरातल्या घरात चाला, पण चाला. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटे तीनदा. शुक्रवारी सकाळी इथे मोकळ्या जागांवर आपली, पाकिस्तानची, श्रीलंकेची पोरे क्रिकेट खेळतात आणि शनिवारी लंगडत माझ्याकडे येतात. सहा दिवस बसून सातव्या दिवशी सगळे करायचे, हे विशीतही सोसत नाही.

काही दुखणी मात्र व्यायामाने बघत बसायची नसतात. पडल्यावर पायावर उभेच राहता येत नसेल, पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याजवळचे हाड मोडले असे समजून त्याच तासाला रुग्णालय गाठा. चोळू नका, चालवून पाहू नका. ताप आणि खुबेदुखी एकत्र, रात्री झोपेतून उठवणारे आणि कुठल्याच कुशीवर न थांबणारे दुखणे, विनाकारण घटलेले वजन, पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर अचानक सुरू झालेले जांघेचे दुखणे, हे सगळे आधी डॉक्टरांना दाखवायचे. दोन्ही पायांतली ताकद जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे हे मणक्याचे तातडीचे लक्षण आहे. त्यात रात्र-दिवस बघू नये.

आई महिन्यासाठी आली होती, ती तीन महिने राहिली. निघायच्या आदल्या आठवड्यात कॉर्निशवर मधे एकदा बसून चाळीस मिनिटे चालली. ठाण्याला गेल्यावर व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला आणि काठी घेऊन सज्ज्यात चढली. त्या वर्षी दारफाळणीच्या दिवशी ती वरच होती, उभे राहायच्या वेळी काठीवर भार देऊन. दुखणे गेले असे मी म्हणणार नाही. दोन आण्यांपासून पाच आण्यांपर्यंत खालीवर होत राहिले.

पुढे साडेपाच-सहा वर्षांनी सांधा पार घासला गेला, रात्रीही दुखू लागले, आणि २०२१ च्या अखेरीस तिचा खुबा बदलला. काही वाचक म्हणतील, मग व्यायामाचा उपयोग काय? उपयोग ती साडेपाच वर्षे. शिवाय शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली, कारण पायांत ताकद होती. ही शस्त्रक्रिया आज ज्या स्वरूपात होते, तिचा पाया इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये घातला. ती खूप चांगली शस्त्रक्रिया आहे, वेळ आल्यावर तिला घाबरू नये. पण वेळ आली का, हे एक्स-रे एकटा ठरवत नाही. फोटोत झीज पुष्कळ आणि माणूस मजेत फिरतो आहे, असेही मी खूप पाहिले आहे.

तिच्या जुन्या जागेवर मधल्या काळात दुसऱ्या एक बाई बसू लागल्या होत्या. आता दोघी शेजारी बसतात. मागच्या रविवारी आईचा फोन आला. "अगं, त्या माझ्या शेजारणीचा गुडघा फार दुखतो. सहा महिने झाले, पट्टा लावते, तेल लावते, काही गुण नाही. मी त्यांना विचारू का, पायाची नखं कोण कापून देतं म्हणून? बरं दिसेल का ते?"

मी म्हटले, "विचार."